डीव्हीडी बर्न झाली, पण टीव्हीवर चालेना! घरच्या कॉम्प्युटरवर जुन्या कॅसेटचा व्हिडिओ करताना नेमकं अडतं कुठं?

सीमाभागातल्या कुठल्याही जुन्या मराठी घरात कपाटाचा वरचा कप्पा उघडला की दोन-चार व्हीएचएस कॅसेट निघतातच. नव्वदच्या दशकातलं लग्न, मुंज, गल्लीच्या गणपतीसमोर बसवलेलं नाटक, एखाद्या बारशाला आजीनं म्हटलेला पाळणा. बेळगाव-खानापूर असो, फोंडा असो की इंदूर-बडोदा, चित्र तेच. आजी गेली, शूटिंग करणारा स्टुडिओ बंद झाला, व्हीसीआर भंगारात गेला. आवाज तेवढा त्या फितीत राहिला.

मग आई-वडिलांच्या लग्नाचा वाढदिवस जवळ येतो आणि घरातल्या कॉम्प्युटरवाल्या भाच्याकडे काम येतं : "तेवढी कॅसेट डीव्हीडीवर करून दे की रे." दुकानातून कॅसेटचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर येतो, त्यात मोबाइलवरचे शुभेच्छांचे तुकडे जोडले जातात, एडिटिंग सॉफ्टवेअर दोनदा बंद पडतं, आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री बर्न झालेली डिस्क प्लेअरमध्ये घातली की टीव्हीवर अक्षरं येतात, 'नो डिस्क'. कॉम्प्युटर तर म्हणत असतो, बर्न यशस्वी!

या गोंधळाची कारणं दर घरी वेगळी वाटली तरी मोजकीच आहेत. ती एकेक करून पाहिली तर बहुतेक डिस्क वाया जायच्या वाचतात.

आधी दोष कुठल्या टप्प्यावर आहे ते शोधावं

कॅसेटपासून टीव्हीपर्यंत व्हिडिओचे पाच टप्पे होतात : कॅप्चर, एडिटिंग, डीव्हीडीच्या साच्यात रूपांतर, बर्निंग आणि प्लेअर. डिस्क चालली नाही की लोक लगेच दुसरी डिस्क घालून पुन्हा बर्न करतात. दोष तिसऱ्या टप्प्यात असेल, तर दहा डिस्क घातल्या तरी दहाही तशाच निघणार.

म्हणून एडिटरमधून थेट डिस्कवर बर्न करू नये. आधी एडिट केलेला व्हिडिओ साधी फाइल म्हणून सेव्ह करावा आणि पूर्ण पाहून घ्यावा. मग त्या फाइलवरून डीव्हीडीचा फोल्डर किंवा आयएसओ फाइल हार्ड डिस्कवरच बनवावी. ती व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये उघडून मेनू, आवाज, शेवटचा सीन तपासावा. तिथं सगळं नीट असेल तरच कोरी डिस्क घालावी. यात वेळ थोडा जास्त जातो, पण चूक कुठं झाली ते लगेच कळतं. आयएसओ व्हीएलसीवर नीट चालते आणि डिस्क चालत नाही, तर दोष बर्निंगचा किंवा डिस्कचा. डिस्क कॉम्प्युटरवर चालते पण प्लेअरवर नाही, तर डिस्कचा प्रकार, साचा किंवा प्लेअर.

सगळ्यात मोठी चूक : डेटा डीव्हीडी आणि व्हिडिओ डीव्हीडी

'नो डिस्क' किंवा 'अननोन डिस्क' येण्याचं नेहमीचं कारण अगदी साधं असतं. मोबाइलची एमपीफोर फाइल ओढून डिस्कवर टाकली, ती डेटा डीव्हीडी झाली. पेन ड्राइव्हसारखीच ती फक्त फाइल साठवते. टीव्हीखालच्या जुन्या प्लेअरला मात्र व्हिडिओ डीव्हीडी लागते. तिच्यात 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर असतो आणि त्यात व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी अशा तीन प्रकारच्या फाइल असतात. व्हीओबीत चित्र आणि आवाज, आयएफओत कुठून काय सुरू करायचं याची माहिती, बीयूपी ही त्या माहितीची दुसरी प्रत. चित्र एमपीईजी-२ या पद्धतीनं दाबलेलं असावं लागतं. मोबाइलचा व्हिडिओ त्या पद्धतीचा नसतो, म्हणून रूपांतर करावंच लागतं.

विंडोज कोरी डिस्क घातल्यावर विचारतं, ही डिस्क यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? पहिला पर्याय निवडला तर घरचा प्लेअर बहुधा ती वाचत नाही. दुसरा निवडला तरी व्हिडिओचं रूपांतर विंडोज करत नाही, फाइल आहे तशी टाकतं. नवे काही प्लेअर तशी फाइल वाचतात, जुने नाही.

हे रूपांतर पूर्वी विंडोज डीव्हीडी मेकर करायचा. तो व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये होता, विंडोज ८ पासून काढून टाकला. मूव्ही मेकरही जानेवारी २०१७ मध्ये बंद झाला. आता डीव्हीडीस्टायलरसारखं मोफत सॉफ्टवेअर ते काम करतं : व्हिडिओ द्यायचा, मेनू करायचा, आयएसओ काढायची. हँडब्रेकही मोफत आणि उपयोगी आहे, पण तो डीव्हीडी तयार करत नाही, एमपीफोरसारख्या फाइल करतो. मोफत सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवावं. 'डाउनलोड' लिहिलेलं दिसेल ते बटण दाबलं की नको ते सॉफ्टवेअरही सोबत येतं.

प्रोजेक्ट फाइल म्हणजे व्हिडिओ नव्हे

डीव्हीडी करून देणाऱ्या दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन येणारे पुष्कळजण एडिटरची प्रोजेक्ट फाइल घेऊन येतात. रात्रभर बसून केलेलं काम, आणि फाइल काही केबींची! तिच्यात व्हिडिओ नसतोच. कुठला तुकडा कुठून घ्यायचा, कुठं कापायचा, कुठलं गाणं लावायचं, एवढंच लिहिलेलं असतं. वाण्याकडे यादी नेली म्हणजे घरात सामान आलं असं होत नाही, तसंच हे.

'मीडिया ऑफलाइन' किंवा लाल चौकोन दिसणं हाही याच कारणाचा दोष. मूळ व्हिडिओ पेन ड्राइव्हवर होता, तो काढला. किंवा फोल्डरचं नाव बदललं. सॉफ्टवेअरला यादीतला पत्ता सापडत नाही. उपाय : सुरुवातीलाच सगळे व्हिडिओ, फोटो, गाणी एका फोल्डरमध्ये हार्ड डिस्कवर आणावीत, मगच एडिटिंगला हात घालावा, आणि काम संपेपर्यंत तो फोल्डर हलवू नये.

सॉफ्टवेअर हँग होतं, मध्येच बंद पडतं

मोबाइलवरचे नवे व्हिडिओ बरेचदा एचईव्हीसी पद्धतीचे असतात. फाइल लहान होते, पण ती उलगडायला कॉम्प्युटरला जास्त कष्ट पडतात. जुनं सॉफ्टवेअर तर ती उघडतच नाही, किंवा आवाज येतो आणि चित्र काळं. अशा फाइल हँडब्रेकमधून एच.२६४ मध्ये बदलून घ्याव्यात.

सेव्ह करताना दरवेळी त्याच टक्क्यावर, समजा ६३ वर, बंद पडत असेल तर दोष त्या जागी असलेल्या क्लिपमध्ये किंवा इफेक्टमध्ये आहे असं समजावं. तो तुकडा काढून पाहावा. दरवेळी वेगळ्या टक्क्यावर बंद पडत असेल तर रॅम, तापलेला प्रोसेसर, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा भरलेली डिस्क यांकडे वळावं. सी ड्राइव्हवर निदान २५-३० जीबी मोकळी जागा असावी, कारण रूपांतर चालू असताना तात्पुरत्या फाइल तिथंच साठतात. मिनी-डीव्ही कॅमेऱ्याच्या कॅसेटचा एक तास म्हणजे सुमारे १३ जीबी, हे लक्षात घेतलं की डिस्क एवढ्यात कशी भरली, हे कोडं सुटतं.

४ जीबीला येऊन कॉपी थांबते, तेव्हा मात्र सॉफ्टवेअरचा दोष नसतो. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. आतला डेटा दुसरीकडे घेऊन तो एक्सएफएटी किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला की काम होतं.

ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो

यात दोन प्रकार आहेत आणि दोघांचे उपाय वेगळे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक सारखाच असेल, तर एडिटरमध्ये आवाजाची पट्टी तेवढी पुढे-मागे सरकवली की झालं. सुरुवातीला बरोबर आणि तासाभरानं मंगलाष्टकं एकीकडे, भटजींचे ओठ दुसरीकडे, असं असेल तर सरकवून उपयोग नाही.

मोबाइलच्या व्हिडिओत हे होतं, कारण फोन उजेडाप्रमाणे दर सेकंदाच्या चित्रांची संख्या कमी-जास्त करतो. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडून फाइल बदलून घ्यावी आणि मगच एडिटरमध्ये आणावी. कॅसेटच्या बाबतीत कारण असं, की कॅप्चर करताना काही फ्रेम गळतात. त्या वेळी कॉम्प्युटरवर दुसरं काही चालू ठेवू नये, व्हिडिओ पेन ड्राइव्हवर न घेता आतल्या हार्ड डिस्कवर घ्यावा, आणि तीन तासांची कॅसेट अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत घ्यावी. तुकडे लहान, म्हणजे फरकही लहान. डीव्हीडीसाठी आवाज ४८ किलोहर्ट्झचा लागतो. गाण्यांच्या सीडीतला ४४.१ चा असतो, तोही रूपांतरात ४८ चा करून घ्यावा.

माणसं जाडी दिसतात, चित्र झटके मारतं

भारतातल्या कॅसेट पाल पद्धतीच्या : सेकंदाला २५ चित्रं. डीव्हीडीवर त्याचा आकार ७२० बाय ५७६. अमेरिकेत एनटीएससी : २९.९७ चित्रं, ७२० बाय ४८०. परदेशी सॉफ्टवेअर बरेचदा आपोआप एनटीएससी धरून चालतं. पालची कॅसेट त्यात टाकली की चालणारी माणसं झटके मारत चालतात. कॅसेटचं काम असेल तर प्रोजेक्ट उघडतानाच पाल निवडावं. सगळा मालमसाला ३० फ्रेमच्या मोबाइलचाच असेल, तर उलट एनटीएससी जास्त गुळगुळीत दिसतं. इथले प्लेअर सहसा दोन्ही चालवतात. अमेरिकेतल्या लेकीला डिस्क पाठवायची असेल तरी एनटीएससीच करावी, कारण तिथल्या काही प्लेअरना पाल चालत नाही. रीजन कोडची काळजी घरच्या डिस्कला नसते.

जुनी कॅसेट ४:३ आकाराची, नवा टीव्ही १६:९. चित्र ताणून बसवलं की नवरा-नवरी दोघंही जाडजूड. बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात, त्याच बऱ्या. हलणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात, त्या कॅसेटच्या इंटरलेस पद्धतीमुळे. मोबाइलवर पाहायच्या एमपीफोरसाठी 'डीइंटरलेस' करावं. टीव्हीच्या डीव्हीडीसाठी तसंच ठेवावं, फक्त फील्डचा क्रम उलटा होऊ देऊ नये. क्रम उलटला की हलणारं चित्र थरथरतं.

मराठी अक्षरं का तुटतात?

'लक्ष्मी'च्या जागी सुटे पाय मोडलेले 'क्‌ष' आणि वेलांटी भलतीकडे. सीमाभागातल्या स्टुडिओंत हा अनुभव नवा नाही. एकाच दुकानात मराठी मजकूर श्रीलिपीत, कन्नड मजकूर नुडीत, अशी सवय अनेक वर्षांची. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर नेला की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. युनिकोडमध्ये टाइप केलं तर ती अडचण जाते. पण जुन्या एडिटरना देवनागरी जोडाक्षरं नीट मांडता येत नाहीत, म्हणून तिथंही अक्षरं तुटतात.

यावर खात्रीचा उपाय एकच. शीर्षक लिब्रेऑफिस किंवा इंकस्केपमध्ये युनिकोडात तयार करावं, पीएनजी चित्र म्हणून सेव्ह करावं आणि ते चित्रच व्हिडिओवर ठेवावं. चित्राची अक्षरं तुटत नाहीत. मजकूर कडेपासून दहा टक्के आत असावा, कारण जुने टीव्ही चित्राच्या कडा कापतात आणि 'चि. सौ. कां.' मधला 'चि.' जातो. फाइलची आणि फोल्डरची नावं मात्र साध्या रोमन लिपीतच ठेवावीत. काही बर्निंग सॉफ्टवेअर देवनागरी नावाला अडखळतं आणि कारण न सांगता थांबतं.

जागेचं गणित

डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, पण विंडोज तेवढीच जागा ४.३७ जीबी दाखवतं. मोजायची पद्धत वेगळी, डिस्क तीच. म्हणून विंडोजमध्ये ४.५ जीबी दिसणारा फोल्डर तिच्यावर मावत नाही.

किती वेळाचा व्हिडिओ बसेल, हे बिटरेटवर ठरतं. एका तासाला सेकंदाला ८ मेगाबिट देता येतात, चित्र उत्तम. दोन तासांना आवाज धरून सुमारे ५, चित्र चांगलं. तीन तासांना साधारण साडेतीन, तिथं नाचणारी वरात चौकोनाचौकोनांची दिसू लागते. तीन तासांची कॅसेट असेल तर सरळ दोन डिस्क कराव्यात. चित्राचा बिटरेट फार वर नेऊनही उपयोग नाही. डीव्हीडीची मर्यादा ९.८ आहे, आणि घरी बर्न केलेली डिस्क मर्यादेच्या काठावर असली की जुना प्लेअर मध्ये मध्ये थांबतो.

बर्निंग : डिस्क, वेग आणि वीज

डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर यांपैकी जुन्या प्लेअरना बहुधा डीव्हीडी-आर मानवते. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवरून प्रकाश कमी परततो, त्यामुळे जुन्या लेन्सला ती वाचता येत नाही. सरावासाठी आरडब्ल्यू, द्यायची प्रत आरवर.

आयएसओवर उजवं क्लिक केलं की विंडोज ७ पासून 'बर्न डिस्क इमेज' मिळतं. तिथला 'व्हेरिफाय' हा चौकोन टिकवावाच. वेग निवडायचा असेल तर इमेजबर्न वापरतात. ते जुनं झालंय, तरी काम देतं. १६ एक्सची डिस्क ८ एक्सवर बर्न करावी. सात-दहा मिनिटं बर्निंगला, जवळजवळ तेवढीच तपासणीला.

'पॉवर कॅलिब्रेशन एरर' येते तेव्हा ड्राइव्हला लेझरची ताकद ठरवता आलेली नसते. डिस्क हलकी, लेन्सवर धूळ, किंवा बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हला वीज कमी. आधी वेगळ्या कंपनीची डिस्क, मग दुसरा यूएसबी पोर्ट. लॅपटॉपलाच थेट जोडावं, हबमधून नको. दोन तोंडांची केबल असेल तर दोन्ही तोंडं लावावीत. बर्न होताना लाइट गेली की डीव्हीडी-आर गेलीच, म्हणून डेस्कटॉपला यूपीएस हवा किंवा लॅपटॉप चार्ज केलेला हवा. स्लीप मोडही बंद ठेवावा.

सगळं होऊन प्लेअर वाचत नसेल तर डिस्क 'फायनलाइज' झाली आहे का ते पाहावं. हँडीकॅमच्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्कचं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं. कॉम्प्युटर तिला कोरी समजतो आणि घरचे फेकून देतात. ती त्याच कॅमेऱ्यात घालून फायनलाइज केली की आतलं सगळं दिसू लागतं. अशी छोटी डिस्क फटीतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये मात्र घालू नये, अडकते.

कॅसेट फेकू नये, पण घाईनं चालवूही नये

वरच्या सगळ्या चुका दुरुस्त होतात. एकच होत नाही : मूळ फीत खराब होणं. गोवा, खानापूर, चंदगडकडच्या पावसात कपाटातल्या कॅसेटला बुरशी धरते. खिडकीतून पाहिलं की फितीच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. फीत चिकटून तुटते आणि हेड खराब होऊन पुढच्या चांगल्या कॅसेटवरही बुरशी जाते. ती आधी साफ करून घ्यावी. व्हीसीआरही आता जपून वापरायची वस्तू आहे, कारण जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये उत्पादन थांबवल्यापासून नवा मिळत नाही.

डीव्हीडीलाही अमरत्व नाही. घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये माहिती एका रंगाच्या थरात असते, आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर फिका होतो. डिस्कवर स्टिकर लावू नये, बॉलपेननं लिहू नये, डिस्कसाठीचा मऊ मार्कर वापरावा. पुसायची तर मधून कडेकडे, गोल गोल नाही. जुनी डिस्क अडखळत असेल तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. एकाला न वाचलेली दुसऱ्याला बरेचदा वाचते. आणि वाचली की त्याच दिवशी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी, उद्यावर ढकलू नये.

म्हणून डीव्हीडी ही पाहुण्यांना द्यायची, आजोबांना रिमोटवर पाहता यावी अशी प्रत समजावी. जपायची प्रत वेगळी : कॅसेटवरून उतरवलेली मूळ फाइल, न कापलेली, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत. एक बेळगावात, एक पुण्याच्या लेकाकडे. एडिट करताना लांबलेले आणि कंटाळवाणे वाटणारे भाग कापले जातात. स्वयंपाकघरातली गडबड, दारातली बायकांची बोलणी, ओट्यावर बसून कुणीतरी गुणगुणलेलं. वीस वर्षांनी लोक नेमकं तेच शोधत बसतात.

कार्यक्रम आठ दिवसांवर असेल तर काम आज सुरू करावं. रूपांतराला जुना लॅपटॉप कधी कधी अख्खी रात्र घेतो. पहिली डिस्क ज्या घरात द्यायची त्या घरच्या प्लेअरवर चालवून पाहावी, आणि त्याच व्हिडिओची एमपीफोर फाइल पेन ड्राइव्हवर खिशात ठेवावी. हॉलवरचा प्लेअर रुसला, तर टीव्हीच्या यूएसबीत ती लावता येते, आणि आजीचा पाळणा वेळेवर ऐकू येतो.